मिशीचा एक केस

या सौद्यात रंजूच्या वाट्याला पुणं येणार होतं, तिच्या मायच्या, बायाबाईच्या, वाट्याला मिरवणं, आणि बाप तुलारामच्या वाट्याला माठाजवळची एक ओली जागा सांभाळणं. कारध्याच्या मासेमार ढिवर मोहल्ल्यात याहून तोट्याचा सौदा कोणी केला नसता.

रंजू वैनगंगेपलीकडे, भंडाऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायची. सरांनी सांगितलं होतं, प्रयोगशाळेतल्या किड्यांचा वंश जो उन्हाळाभर जगवील, त्याचं नाव पुण्याच्या प्रयोगशाळेत धाडीन. मेच्या उन्हानं बाकीच्यांच्या बश्या उजाड केल्या. उरली रंजूची एक. परीक्षेसाठी दहा दिवस नागपूरला जाताना तिनं ती घडवंचीवर, माठामागं ओल्या पोत्यात ठेवली. शेजारी दुसरी बशी, पांढरट साय धरलेली.

"बाबा, हे साय म्हणजे जिवाणू. त्याईचं खाणं. चौथ्या दिवशी या बशीतल्या जेलीचा तुकडा कापून त्या बशीत ठेवजा."

"येवढ्याशा किड्याले गळ कोणता लावू वो माय?"

"थट्टा नोका करू. वंश बुडला त माहं पुणं बुडलं."

तुलारामनं मिशीला हात लावला. "जाय. मिशीचा केस गहाण ठेवला समज."

मिशीचा केस गहाण ठेवणारा शब्द फिरवत नाही. निदान मिशी आहे तोवर.

दुपारी नदी तापली की जाळं टांगून तुलाराम भिंग घेऊन बसे. किडा कसला, स्वल्पविराम. पण काचेसारखा आरपार. घास घशातून उतरताना दिसे, पोटात अंडी ओळीनं लागलेली दिसत. रंजूनं सांगितलं होतं, यातले बहुतेक नर नि मादी एकाच अंगात घेऊन फिरतात. तीन दिवसांत वयात येतात, तीन आठवड्यांत संपतात. आणि अंगातल्या पेशी मोजून नऊशे एकोणसाठ, प्रत्येकाच्या तेवढ्याच. घडतात एक हजार नव्वद. एकशे एकतीस वाटेतच मरतात, मरायचंच ठरवून. तुलारामचे डोळे मिटत. मग सारी वैनगंगाच आरपार होई, तळाशी निजलेल्या मरळीच्या पोटातली अंडी दिसत, आणि पाण्याखालून कोणीतरी हळू आवाजात आकडे म्हणत राही.

तिसऱ्या दिवशी अशाच डुलकीतून तो उठला, तर दुसरी बशी जागेवर नव्हती.

"साय आंबली होती," बायाबाई म्हणाली. "पाण्याच्या जागी शिळं ठेवतेत काय? घासून पालथी घातली."

"थे किड्याईचं खाणं होतं, रंजूची माय."

"मंग आधी काहून नाही सांगतलं? माणसाचं शिळं मले समजते, किड्याईचं नाही."

पोतं ओलं ठेवणं तेवढं तुलारामच्या हाती उरलं. जुन्या बशीतली साय संपली. मोठे किडे एकेक करून थांबले, आणि पिल्लं दोऱ्याच्या तुकड्यांसारखी ताठ पडून राहिली.

रंजू आली, भिंग लावलं, आणि भिंतीला टेकली. "गेले, बाबा."

तुलारामनं बायकोचं नाव घेतलं नाही. "तळं आटलं का मरळ काय करते? चिखलात निजते. मेली का निजली, शेपटीले बोट लावल्याबिगर आमी सांगत नाही."

रंजू थबकली. पुस्तकातलं एक पान तिला आठवलं. उपाशी पिल्लू तोंड मिटून घेतं, महिनोन्‌महिने तसंच राहतं, आणि ते दिवस त्याच्या वयात धरले जात नाहीत.

"बोट लय मोठं होते बाबा. पापणीचा केस लागते, काडीले चिकटवून." ती स्वतःची पापणी ओढू लागली; ओली, हाती लागेना.

तुलारामनं तोंड पुढं केलं. "बारीक पाहून घे. गहाण होताच."

काडीच्या टोकाचा केस एका दोऱ्याला टेकला. दोरा वळला, आणि झर्रकन सरकून गेला. मग दुसरा. तिसरा.

दिवस मावळायच्या आत बशी पुलापलीकडे कॉलेजात पोचली, किडे नव्या सायीवर. दुसऱ्या दिवशी मिटलेली तोंडं उघडली. जूनमध्ये रंजूचं नाव पुण्याला गेलं, आणि मागोमाग रंजू.

सौद्याची किंमत म्हणून बायाबाईनं काही भरलं नाही. उलट मोहल्ल्यात सांगते की किड्यांना उपास आपणच घडवला, म्हणून पोरगी पुण्याला लागली. किड्यांचे उपाशी दिवस वयात धरलेच गेले नाहीत. तुलारामचा केस पुन्हा उगवला, पांढरा. घडवंचीवर आता नुसते माठ आहेत, आणि दुपारी त्यांच्यासमोर बसून जाणारे दिवस त्याच्या वयात रोजच्या रोज धरले जातात. भरणारा तो एकटाच.