मानेवरची रेघ

सलूनवाल्याला कुणाच्याही केसांना आकार देता येतो, फक्त स्वतःच्या मानेला नाही. तिथे त्याला दुसऱ्या कारागिराच्या हाती जावंच लागतं. या दोघा भावांचं त्या बाबतीत बरं होतं. दुकान एक, खुर्च्या दोन. आठवड्याच्या पहिल्या सकाळी, शटर अर्धंच वर केलेलं असताना, थोरला धाकट्याच्या खुर्चीत बसायचा आणि मग धाकटा थोरल्याच्या. आधी केस, मग दाढी आणि शेवटी मानेवर वस्तऱ्याने ओढलेली सरळ रेघ. वडील गेल्यापासून हे असंच चालत आलं होतं आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मग धाकट्याची झोप उडाली. पुढे खाणंपिणं सुटलं, आणि एका दुपारी त्याने दुकानातल्या सगळ्या आरशांवर वर्तमानपत्रं चिकटवली. आतून कुणीतरी आपल्याकडे बघतंय, असं तो म्हणत होता. ओरडला नाही, कुणाच्या अंगावर धावून गेला नाही. वर्तमानपत्रं मात्र अगदी कडेला कड जुळवून लावली होती, कारण हात शेवटी कारागिराचा. थोरल्याने त्याला इस्पितळात नेलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, नवीन फॅशन शिकायला बाहेरगावी गेलाय. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्यांनी ती वर्तमानपत्रं डोळ्यांनी बघितली होती, त्यामुळे थापेचा उपयोग फक्त थोरल्यालाच झाला.

धाकटा परत आला तो थोडा जाड होऊन, थोडा सावकाश बोलत, पण आपला तोच. गोळ्या वेळेवर घ्यायचा, आरसे लख्ख पुसायचा, खुर्चीमागे टॉवेल झटकून उभा राहायचा. उभाच राहायचा. ज्या लोकांना पूर्वी दोन मिनिटं थांबायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा, ते आता बाकावर बसून जुना पेपर जाहिरातींसकट वाचायला लागले. "मला काही घाई नाही, थोरल्याचं होऊ दे," असं म्हणायचे. सगळ्यांत पुढे कोण, तर कंडक्टर. हा रिटायर झालेला बसवाला वर्षानुवर्षं धाकट्याच्या खुर्चीत घोरत दाढी करून घ्यायचा. आता तोही बाकावर जागाच असायचा.

थोरल्याचं काळीज तुटायचं. त्याने बरंच डोकं चालवलं आणि एक तोडगा काढला. वस्तरे खणात ठेवून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दारावर पाटी लटकवली, 'दाढी बंद'. गळ्याशी पातं नेण्याचा प्रश्नच मिटला, म्हणजे कुणी भ्यायला नको आणि धाकट्याचा अपमान व्हायला नको. आपण किती शहाणपणाचं काम केलं, असं त्याला वाटलं. धाकट्याने पाटी वाचली आणि झाडू हातात घेतला.

आता राहिली थोरल्याची स्वतःची मान. एका आठवड्यात सर्दीचं निमित्त झालं, दुसऱ्या आठवड्यात घाईचं. पुढे तर निमित्तंही संपली आणि केस कॉलरवर आले. शेवटी एका संध्याकाळी तो मागच्या गल्लीतून, टोपी घालून, चोरासारखा समोरच्या सलूनमध्ये शिरला. तिथला मालक आनंदाने इतका फुगला की त्याने पावडरचा अर्धा डबा थोरल्याच्या मानेवर रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला खाली पडलेला कंगवा उचलायला वाकला. मागे झाडूचा आवाज थांबला.

"दादा, समोर गेला होतास?"

"कुठे समोर? छे!"

"त्याची रेघ उजवीकडे चढते. आयुष्यभर त्याच्या गिऱ्हाइकांच्या माना सरळ करतोय मी."

कापलेले केस जगापासून लपवता येतील, पण स्वतःच्याच भावापासून, आणि तोही याच धंद्यातला! हे थोरल्याच्या टोपीखालच्या डोक्यात आलंच नव्हतं.

धाकटा चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "लोकांचं मला काही वाटत नाही रे. ते परके. ती पाटी तू लोकांसाठी लावलीस, असं मी धरून चाललो होतो." मग त्याने आपल्या कात्र्या पुसल्या आणि एकेक करून फडक्यात गुंडाळायला लागला. "गोदामात माणसं हवी आहेत. उद्या दुपारी जाऊन विचारतो."

थोरला दुपारी घरी जेवायला गेला खरा, पण घास खाली उतरेना. बायकोने काय झालं ते काढून घेतलं. ऐकून झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुमच्या ताटात ही भाजी आहे ना, ती कोणी चिरली?"

"तू."

"मी कशाला? भाऊजी चिरतात, घरी आल्या दिवसापासून. माझ्याच सुरीने. मी शेजारी कणीक मळत असते आणि आमच्या गप्पा चालतात. तुम्ही मात्र किल्ली उशाशी घेऊन झोपता!"

"मला त्याची भीती वाटत नाही," थोरला म्हणाला.

"वाटते," ती म्हणाली. आवाज एकदम मऊ झाला होता. "वाटू दे की. पण ती त्याच्यापासून लपवू नका. त्याला कळतं सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने शटर पूर्ण वर केलं. बाकावर कंडक्टर पेपर उघडून बसला होता, आणखी दोघे होते. थोरल्याने सगळ्यांदेखत खणाचं कुलूप काढलं, धाकट्याचा वस्तरा त्याच्यापुढे ठेवला आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसला.

"दाढी कर."

धाकट्याने वस्तऱ्याकडे बघितलं, मग आरशातून भावाकडे. "दादा, एक सांगतो. दुपारच्या गोळीनंतर माझा हात थरथरतो. सकाळी ठीक असतो."

"मग सकाळच आहे की."

फेस झाला, नवं पातं लागलं. धाकट्याने करंगळी थोरल्याच्या हनुवटीला टेकवली आणि हात स्थिर केला. एक गाल झाला. दुकानात कुणी पान उलटत नव्हतं. मग पातं गळ्याकडे उतरलं, त्याचा गार स्पर्श झाला, आणि थोरल्याची मान आपसूक मागे सरकली.

पांढऱ्या फेसात लाल ठिपका उमटला.

बाकावरचा एकजण अर्धा उठला. धाकट्याने वस्तरा बाजूला ठेवला. त्याचा चेहरा असा उतरला की थोरल्याला स्वतःची लाज वाटली. या दुकानात रोज कुणाला ना कुणाला लागतं. थोरल्याने तर कंडक्टरचा कान एकदा चांगलाच कापला होता. पण धाकट्याच्या हातून निघालेला एवढासा ठिपका उद्या गावभर होणार होता, हे दोघांनाही कळत होतं.

"मी हललो," थोरला मोठ्याने म्हणाला.

"जाऊ दे, दादा..."

"मीच हललो. त्याचा हात जागेवर होता." तो बाकाकडे वळला. "भ्यालो म्हणून हललो. सख्खा भाऊ आहे माझा, आजारी पडला होता, बरा होतोय, आणि मी भ्यालो! काय करायचं आता?"

कंडक्टरने पेपरची घडी घातली. "तुरटी लाव की," तो म्हणाला. "त्यात काय विचारायचं?"

धाकट्याने तुरटीचा खडा ओला करून जखमेवर फिरवला. चरचरलं, तशी थोरल्याने शिवी हासडली आणि धाकट्याला कितीतरी महिन्यांनी हसू फुटलं. त्याने पुन्हा वस्तरा उचलला. उरलेली दाढी झाली.

कंडक्टर उठून खुर्चीमागे आला. "मग माझं?"

"पाटी वाचली नाही का?" धाकटा म्हणाला. "दाढी बंद आहे."

"ती पाटी काढ रे कुणीतरी!" कंडक्टर खेकसला. बाकावरून अर्धा उठलेला माणूस पूर्ण उठला आणि त्याने पाटी काढून आणली. धाकट्याने ती उलटी केली, काउंटरवरचा खडू घेतला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'दाढी फक्त सकाळी'.

थोरला खुर्चीतून उतरायला लागला, तेव्हा धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"थांब. ती वाकडी रेघ घेऊन कुठे फिरतोस?"

थोरल्याने मान खाली घातली. मागून पातं आलं, गारच होतं, आणि भीतीही होतीच थोडी. पण या वेळी तो हलला नाही.