आमेन होईपर्यंत ओढायचं नाही

आमच्या काउंटीत बास मासा माझ्याइतका कुणाला कळत नाही. चर्चमध्ये कुणालाही विचारा, तोंड वाकडं करून का होईना, पण हेच सांगतील. त्यामुळे रविवारी जेवताना माझी भाची रेनिटा मक्याच्या पावाला लोणी लावत म्हणाली, "आत्या, शनिवारी डेल्बर्ट फवारणीला येतोय, तळ्यातली सगळी घाण मारून टाकणार," तेव्हा मी हातातला घास ताटात परत ठेवला.

तळं माझ्या भावानं, रोझेलनं खणलेलं. गाईंच्या कुरणाच्या खोलगट कोपऱ्यात, बांध घालून. एवढंसं आहे, या काठावरून शिवी दिली तर त्या काठावर ऐकू येते. उन्हाळ्यात वर शेवाळ आणि पाणवेलींच्या हिरवळीची अशी जाड गोधडी पसरते की पाणी शोधावं लागतं. रोझेल गेल्यावर ते रेनिटाकडे आलं. ती अटलांटात राहते. सप्टेंबरात तिचं दुसरं लग्न, तेही बाबांच्या तळ्याकाठी, आणि फोटोत पाणी निळं दिसायला हवं.

"घाण कुणाला म्हणतेस? त्याखाली तुझ्या बापाचे मासे आहेत. या उकाड्यात सगळं एकदम मारलंस तर ते सडेल, पाणी गुदमरेल, आणि मासे पोट वर करून तरंगतील. काढ मग फोटो!"

"आत्या, मासे नाहीतच त्यात. लहानपणी सगळ्या सुट्ट्या मी तिथे गळाची काठी धरून उभी राहिलेय. एकसुद्धा लागला नाही. मला वाईट वाटू नये म्हणून बाबा 'आहेत, आहेत' म्हणायचे."

हे मात्र मला लागलं. रोझेलच्या कबरीवर मी क्वचित जाते. तळ्यावर दर शनिवारी जाते. तिथे तो मला अजून भेटतो. ते मेलं असतं तर माझा भाऊ दुसऱ्यांदा गेला असता.

"शनिवारी मी काढून दाखवते," मी म्हणाले.

"तू काय, बादलीतूनही काढशील!"

"बरं. मग तू काढ. डेल्बर्टची गाडी यायच्या आत. निघाला तर औषधाचा एक थेंब पडायचा नाही."

ती हसली. "आणि नाही निघाला तर?"

"तर फवारणीचा पाइप मी स्वतः धरीन."

माझ्या बहिणीला हे कळल्यावर तिनं मला वेड्यात काढलं. काढू दे. रेनिटाला मासा का लागत नव्हता ते मला चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही बांधावर उभ्या. रेनिटाच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. तळ्यावर येताना! मी तिच्या हातात माझी जाड काठी दिली. दोऱ्याला रबरी बेडूक होता, त्याचे गळ पोटाशी दडवलेले, म्हणजे हिरवळीत अडकत नाहीत.

"टाक त्या हिरवळीवर. हळूहळू ओढ. थांब. परत ओढ. बेडकाला काय घाई असते?"

तिसऱ्या का चौथ्या फेकीला हिरवळ फुगली, फाटली आणि खालून असा धपकन आवाज झाला की कुरणातल्या गाईनं मान वर केली. रेनिटा किंचाळली आणि तिनं काठी मागे खेचली. बेडूक आमच्या डोक्यावरून मागच्या कुंपणावर जाऊन लटकला.

"आत्या! काय होतं ते?"

"नसलेला मासा," मी म्हणाले.

ती लालबुंद झाली. मी कुंपणावरून बेडूक सोडवून आणला. "तुझी खोड मला माहीत आहे. आवाज झाला की ओढायचं. पहिलं लग्नही तू असंच घाईत ओढलंस."

"आत्या!"

"खोटं आहे का? मासा हिरवळीसकट घास घेतो. बेडूक कुठे, तोंड कुठे, त्यालाही लगेच कळत नाही. आपल्या घरची जेवणाआधीची प्रार्थना आठवते?"

"देवा, ताटात आहे ते तुझं, खाणारे आम्ही. आमेन."

"आवाज झाला की तेवढी म्हणायची, मनातल्या मनात, सावकाश. आमेन झालं आणि काठीला वजन लागलं, तरच ओढायचं. तुझा बाप सांगून दमला. तुला वाटायचं तो धर्म शिकवतोय."

रेनिटानं बेडूक परत हिरवळीवर टाकला. पुढचा बराच वेळ नुसताच बेडूक फिरला. ऊन चढलं. रस्त्यावर गाडीचा आवाज आला. डेल्बर्ट फाटक उघडत होता. खरं सांगते, तेव्हा मात्र मी गाडीतल्या पाइपकडे पाहून घेतलं.

आणि हिरवळ फुटली.

रेनिटाचे खांदे उडाले, पण हात जागेवर राहिले. ओठ हलले. मग तिनं काठी अशी झटक्यात ओढली की टोक पाण्याकडे वाकलं. मासा खाली घुसला, वेलींत गुरफटला आणि दोरा दगडाला बांधल्यासारखा थांबला.

"अडकला! ओढू?"

"मुळीच नाही. दोरा ताठ ठेव आणि जा आणायला."

तिनं बुटांकडे पाहिलं. मग सरळ आत उतरली, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, दोरा गुंडाळत. काठी काखेत मारून तिनं हिरवळीचा भारा दोन्ही हातांनी छातीशी उचलला. त्यात मासा होता. पोट सुटलेला, हिरवा, मूठ मावेल एवढा जबडा.

"अंगठा तोंडात घाल, खालचा ओठ धर. चावत नाही, खरवडतो नुसता."

डेल्बर्ट टोपी मागे सारून काठावर येऊन उभा होता. "गुड मॉर्निंग, मिस इडेला. कुठून सुरुवात करू?"

मी रेनिटाकडे बोट दाखवलं. तळ्याची मालकीण ती.

ती चिखलात उभी राहून रडत होती, हसतही होती. "बाबा खरं बोलायचे," एवढंच म्हणाली. गळ काढून तिनं मासा पाण्यात धरला आणि तो शेपटी मारून हिरवळीखाली गेला. मग डोळे पुसत म्हणाली, "डेल्बर्ट, औषध नको. दाताळं आहे का गाडीत? लग्न लागेल त्या झाडाजवळचा तेवढा काठ हातानंच साफ करू. फोटोला तेवढा पुरे."

सप्टेंबरात लग्न झालं. झाडाजवळ पाणी निळं, बाकी सगळी गोधडी जशीच्या तशी. मी नवी जांभळी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. पाद्रीबाबांनी रेनिटाला विचारलं, याला पती म्हणून स्वीकारतेस का?

ती गप्प. मागे खुर्च्या करकरल्या. नवऱ्या मुलाला घाम फुटला. माझी बहीण माझा दंड चिमटून कुजबुजली, "इडेला, हिचं काय बिनसलं?"

"गप बस," मी म्हणाले. मला रेनिटाचे ओठ हलताना दिसत होते.

आमेन झालं, आणि मग ती "हो" म्हणाली.