नयनच्या फोनवरचे सहा आकडे

घनश्याम गावंडेंना या यंत्रातून वर्षाला सहा लाख ऐंशी हजार सुटणार होते. दारव्ह्यातल्या त्यांच्या दालमिलमध्ये तुरीच्या डाळीतला काळा दाणा आठ बाया बसून वेचत. रोजी अडीचशे, म्हणजे दिवसाचे दोन हजार. मिल वर्षातून दोनशे ऐंशी दिवस चाले. झाले पाच लाख साठ हजार. चीनहून येणारं यंत्र तोच दाणा कॅमेऱ्यानं हेरून हवेच्या झोतानं उडवणार होतं. डाळ स्वच्छ निघाली की भाव वर, त्याचे एक लाख वीस हजार. यंत्र जकातीसकट सोळा लाखांना पडत होतं. अडीच वर्षांच्या आत वसूल.

एवढं डायरीत होतं. डायरीत नव्हतं ते हे, की बाहेरून माल आणायला लागणारा कोड त्यांनी स्वतःच्या नावानं काढलाच नाही. बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलाच्या, नयनच्या नावानं नवी फर्म काढली. पोराच्या नावाची पाटी लागली तर पोरगा निदान पाटी बघायला येईल, असा हिशेब. बायको गेल्याला चार वर्षं झाली होती आणि नयन शेवटचा घरी आल्याला दोन. फोन महिन्यातून दोनदा, दोन-दोन मिनिटांचा. त्यातलं अर्धं मिनिट हवापाण्यावर जाई.

कंटेनर मुंबईहून रेल्वेनं नागपूरच्या डेपोत आला आणि कस्टममधून माल सोडवणाऱ्या एजंटच्या ऑफिसातल्या सुरभीचा फोन आला. "काका, कस्टमच्या साइटवर तुमच्या फर्मचं खातं उघडावं लागते. ओटीपी मालकाच्या फोनवर गेला आहे. दहा मिनिटांत सांगा."

घनश्यामभाऊंनी नयनला लावला. एरवी दुपारी न उचलणाऱ्या पोरानं दुसऱ्या रिंगला उचलला.

"आला नंबर. लिहा बाबा. चार, सात, सात..."

"थांब, चष्मा घेतो. जेवला का?"

"जेवलो. शून्य, दोन, नऊ."

"काय होतं डब्ब्यात?"

"बाबा, तो बाद होते न दहा मिनिटांत."

नऊ मिनिटं होती अजून. त्यातली तीन घनश्यामभाऊंनी वापरली. फोन ठेवल्यावर त्यांनी शकुबाईला, म्हणजे दाणा वेचणाऱ्यांतल्या जुन्या बाईला सांगितलं, "पोरानं वांगं केलतं म्हणे, स्वतः."

इथून माणूस बिघडला. कस्टमच्या साहेबानं यंत्राचं माहितीपत्रक, किमतीचा पुरावा आणि बँकेतून पैसे गेल्याचा कागद मागितला. तिन्ही एकाच फायलीत लावलेले होते. घनश्यामभाऊंनी सोमवारी एक पाठवला, बुधवारी दुसरा, शनिवारी तिसरा. प्रत्येक कागदाला खातं उघडा, खात्याला ओटीपी, ओटीपीला नयन.

"काका, सगळे संगच काहून नाही पाठवत?" सुरभी म्हणाली. "चौदा दिवस फुकटचे आहेत. मंग कंटेनरचं अन् डेपोचं भाडं मिळून रोजचे साडेपाच हजार लागतील."

"सापडून नाही राह्यलं वं बाई. म्हातारा माणूस."

"पहिल्या दिवशी तुमीच म्हणलं, फाइल तयार आहे म्हणून."

"तू वकील काहून नाही झाली?"

चौदा दिवस संपले. मीटर सुरू झाला आणि घनश्यामभाऊ रोज दाढी करू लागले. पोरगा आता सात मिनिटंही बोले, बॉसला शिव्या देई, भाडेकरार संपल्याचं सांगे. एकदा त्यानं आईच्या ठेच्याचं प्रमाण विचारलं. बापाला ठाऊक नव्हतं, तरी त्यानं ठोकून सांगितलं.

मग कस्टमनं कळवलं की पेटी उघडून तपासणी होईल. घनश्यामभाऊंना यात दिवाळीच दिसली.

"नयन, मालक स्वतः हजर पाहिजे म्हणते ते. नागपूरपर्यंत तर विमान येते. तिथून दारव्हा काही लांब नाही. मशीन आपण सोबतच घेऊन येऊ."

"मालकच पाहिजे?"

"नियमच आहे न बापा."

"पाहातो," नयन म्हणाला.

घनश्यामभाऊंनी पुढच्या दोन दिवसांत वरची खोली झाडून घेतली, नवी गादी आणली, गादीवाल्याशी शंभर रुपयांसाठी भांडलेही नाहीत. नयननं मात्र वेगळंच पाहिलं. त्यानं सुरभीला फोन केला. तिनं खरं ते सांगितलं: अधिकारपत्र दिलेलं आहे, एजंटचा माणूस उभा राहिला की झालं, मालकाची गरज नाही. आणि विचारलं म्हणून हेही सांगितलं की फाइल तयार असून कागद एकेक करून आले, उशीर त्यानं झाला.

संध्याकाळी नयनचा फोन आला. या पंचवीस दिवसांत त्यानं स्वतःहून केलेला हा पहिलाच.

"बाबा, माझ्या पायी तुमचं लय नुकसान झालं. सारखं मले विचारावं लागे. आता मी खात्यातला मोबाइल नंबरच बदलला, तुमचा टाकला. ओटीपी थेट तुमच्याच फोनवर येईन. माझी वाट पाहाचं काम नाही."

आवाजात राग नव्हता. असता तर दोन शब्द जास्त बोलणं झालं असतं.

"बरं केलं," घनश्यामभाऊ म्हणाले. "तपासणीले?"

"एजंटचा माणूस आहे न बाबा. जेवा वेळेवर."

त्याच दिवशी दुपारी तपासणी उरकली होती. यंत्र दुसऱ्या दिवशी ट्रकनं दारव्ह्यात आलं, चार दिवसांत बसलं. पहिली डाळ मोत्यासारखी निघाली. शनिवारी आठ बायांचा शेवटचा हिशेब चुकता केला. शकुबाई यंत्राकडे पाहत म्हणाली, "चहाचेही पैसे वाचले तुमचे, भाऊ. हे काही चहा मागत नाही."

सोमवारी चारच्या सुमारास हॉटेलातून सवयीनं नऊ कपांची किटली आली. घनश्यामभाऊ यंत्राशेजारी बसून दीड कप प्याले. तेवढ्यात फोन वाजला म्हणून त्यांनी घाईनं चष्मा शोधला. ओटीपी होता, एजंटला खात्यातला शेवटचा कागद काढायचा होता. त्यांनी ते सहा आकडे एकदा मोठ्यानं वाचले आणि सुरभीला कळवले. अर्धं मिनिट लागलं.

मग डायरी काढली. जकात आणि कर फर्मनं भरला. अकरा दिवसांचं जादा भाडं, साडेसाठ हजार, बापानं भरलं. त्या अकरा दिवसांत पोराशी बोलणं झालं एकूण बावीस मिनिटं. मिनिटाला पावणेतीन हजार पडले. रोजचे दोन हजार शनिवारपासून आठ बाया भरताहेत. नयनच्या नावापुढे त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं. त्याला लागला होता एकच खर्च, नंबर बदलायची पाच मिनिटं. तीही त्यांनी स्वतःच्याच नावे टाकली.