साहेबांसाठी भरलेला रांजण

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो, आणि सध्या माझ्या पोटात मोडके खराटे आणि खडूचा चुरा आहे. हसू नका. मी पाण्यासाठी जन्मलो होतो.

कंधारच्या कुंभारानं मला घडवलं. बैलगाडीत कडब्यावर बसवून लोह्याकडच्या या खेड्यातल्या शाळेत आणलं. सुट्टी झाली की लेकरं माझ्यावर तुटून पडायची. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

पुढं ओढ्यापलीकडं नवा लातूर जिल्हा झाला आणि त्याच सुमाराला दुष्काळ पडला. गावची विहीर आटली. मोठ्या पोरी भरल्या वर्गातून उठून लांब पाण्याला जाऊ लागल्या. चौथीतल्या सिंधूची आई कस्तुराबाई रोज म्हणायची, शाळेत बोअर झाला तरच माझी पोर शिकेल.

तशात औरंगाबादचे एक साहेब येणार असं कळलं. ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या शाळा ते ताडून बघणार होते. लेकरं किती, गुरुजी किती, खर्च किती, पाण्याची सोय काय. जिथं नड जास्त, तिथं बोअर आधी. पलीकडं नव्या जिल्ह्याच्या नव्या खोल्या, वर्गाला एकेक गुरुजी. आमच्याकडं चारी वर्गांना मिळून एकटे अमृतराव गुरुजी, आणि निम्मी लेकरं ओसरीवर. बोअर आमचाच होता, मित्रांनो!

पण सरपंच किशनरावांना अब्रू आठवली. पाहुण्यापुढं रिकामा रांजण कसा ठेवायचा? त्यांनी घरोघरचं प्यायचं पाणी मागून घेतलं आणि मला काठोकाठ भरलं. कस्तुराबाई घागर रिती करताना म्हणाली, "सायबाला खरं ते दिसू द्या की. माझ्या पोरीची शाळा त्याच्यावर हाय."

"पाण्यापायी गावाची इज्जत घालवायची न्हाई," किशनराव म्हणाले. गुरुजींनी पुढं होऊन माझ्यावर झाकण ठेवलं. त्यांचा मला आजही राग येतो.

साहेब आले, माझं पाणी प्याले आणि त्यांनी मला शाबासकी दिली. "गार आहे हो. पाण्याची अडचण दिसत नाही?"

"देवाच्या दयेनं काही कमी नाही, साहेब," किशनराव हात जोडून म्हणाले.

साहेबांनी तसंच लिहून घेतलं. पलीकडच्या गुरुजींनी म्हणे आपला रांजण त्यांच्यासमोर सरळ पालथा करून दाखवला. आठवड्याभरात बोअरची गाडी ओढा ओलांडून तिकडं गेली.

आता आमच्या बाया-पोरी त्या हातपंपावर जातात. आधी तिथल्या गावाचं भरायचं, मग आमचं. सिंधू तिथंच बसून असते. तिथल्या वर्गातले पाढे ऐकते, ओठांतल्या ओठांत म्हणते. आमच्या हजेरीतून तिचं नाव केव्हाच कमी झालं. गावाची अब्रू मात्र शाबूत आहे.

मित्रांनो, माझी डागडुजी करू नका, मला रंगवूही नका. एवढंच करा, उद्या कुणी तुमच्या शाळेची नड मोजायला आलं, तर माझ्यासारख्याला त्या दिवसापुरतं भरू नका.