अस्सल चामड्याची ढाल

सिरसाळ्याच्या रोहिणीने मावळ्यांचं पथक उभं केलं, तेव्हा पहिला हुकूम सोडला तो चेन, इलॅस्टिक आणि प्लास्टिकविरुद्ध. अंगरख्याला बंद, सुरवारीला नाडी, पायात कातडी जोडे. धर्मापुरीला दरवर्षी होणाऱ्या शिवकाळातल्या लढाईच्या खेळात एकही आजची वस्तू सापडली, की परीक्षक अख्खं पथक बाद करत. मागच्या वर्षी पथकातल्या अंगदच्या मनगटी घड्याळानं तिची पुरती शोभा झाली होती.

यंदा तिनं ढालीसुद्धा कच्च्या चामड्याच्या करून घेतल्या आणि त्या तडकू नयेत म्हणून वर बकऱ्याची चरबी चोळली.

"ताई, लई वास मारायलाय," अंगद नाक धरून म्हणाला.

"मग काय मावळे अत्तर लावून लढत होते? धर गप!"

धर्मापुरीत पथक जीपमधून उतरलं आणि गावातली सगळी कुत्री मागं लागली. शत्रू दिसायच्या आधीच शूर मावळे ढाली डोक्यावर धरून परीक्षकांच्या मांडवात घुसले. एक काळं कुत्रं अंगदची ढाल कडेनं चघळायला लागलं.

परीक्षकांनी प्रत्येक गाठ, नाडी, जोडा तपासला. चूक काही सापडेना. शेवटी त्यांनी कुत्र्यांकडं बोट केलं.

"आणि ही कोणत्या काळातली?"

रोहिणी मान ताठ ठेवून म्हणाली, "गावठी हायत, सर. विलायती एक बी न्हाई."

परीक्षकांनी हसू दाबत पथकाला मैदानात सोडलं. कुत्रीही मागोमाग गेली, आणि समोरचं सैन्य तलवारी टाकून पळालं.