तेरावं रोप

बिया पेरल्या बारा आणि रोपं उगवली तेरा. तेव्हाच मला पार्वतम्माचा, म्हणजे माझ्या बायकोचा, संशय आला.

बिया साध्यासुध्या नव्हत्या. हिमालयात उंचावर फुलणाऱ्या निळ्या पॉपीच्या होत्या. उदगीरच्या शाळेत तीस वर्षं मी हे फूल मुलांना चित्रातच दाखवलं, स्वतः कधी पाहिलं नाही. माझी विद्यार्थिनी महानंदा आता तिकडेच एका रोपवाटिकेत काम करते. मी हट्टाला पेटलो म्हणून तिने बिया पाठवल्या आणि फोनवर बजावलं, "सर, मार्चमध्ये गावी येईन तेव्हा रोपं परत न्यायची आहेत. बिया एवढ्याच होत्या." मी शब्द दिला.

शुभ काम म्हणून अंगणातल्या बेलाखालची माती ट्रेमध्ये भरली. बियांना थंडी लागते, म्हणून ट्रे सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवला. दह्याच्या पातेल्याची जागा गेली म्हणून पार्वतम्मा धुसफुसत होती. मग ट्रे मागच्या खोलीत खिडकीशी आणला आणि पंधरा दिवसांत ही तेरा रोपं. बारा अगदी सारखी, लांबट पानांची, तरतरीत. तेरावं बारकं, केसाळ, भलतंच. बाराला बारा जुळली, म्हणजे तेरावं तण हे उघड होतं. मी ते उपटून फेकलं.

"तू काही टाकलंस का यात?" मी तिला विचारलं.

"मला दुसरे धंदे न्हाईत का?"

तेव्हापासून बाहेर जाताना मी त्या खोलीला कुलूप लावू लागलो. ते तिला दिसत होतं, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. कारण स्वयंपाकघराच्या खिडकीत, माठाच्या बुडाशी तिने चाळणीखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. मी पाणी प्यायला उठलो की लगबगीने पुढे व्हायची. "मी देऊन राहिले ना, बसा की." चाळीस वर्षांत एवढं अगत्य मी पाहिलं नव्हतं.

महानंदा आली. ट्रेवर वाकली. मग एक पान चुरगाळून माझ्यापुढे धरलं. "वास घ्या, सर."

धोत्रा! श्रावणात देवघरातल्या पिंडीला वाहिलेली धोत्र्याची फळं कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून बेलाच्या बुंध्याशी मीच ठेवत आलोय. तीच माती मी ट्रेमध्ये भरली होती.

"बारीक, केसाळ पानांचं एखादं नव्हतं का?" महानंदाने विचारलं.

पार्वतम्मा आत गेली आणि कान तुटलेला एक कप घेऊन आली. कपातल्या मातीत माझं तेरावं रोप होतं. आता त्याला चार पानं होती.

"हेच ते, काकू! तुम्ही ओळखलंत कसं?"

"ओळखलं कुठं बाई. ह्यांनी फेकलं, पर मूळ ओलं होतं. उगवलेलं मला फेकवत न्हाई. फ्रिजमधलं हाय म्हनून माठाच्या गारव्याला ठेवलं."

"मग मला सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर पुन्हा उपटलं असतं तुमी. अन् तुमी तरी कुठं नीट इचारलं? निस्ती पाळत ठेवून राहिलात."

"चुकलो," मी महानंदासमोरच म्हणालो.

पार्वतम्माने हात पुढे केला. मी खिशातून खोलीची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.