पान सात

दहावीच्या परीक्षेला बसली अठ्ठ्याहत्तर मुलं, पास झाली अकरा. त्याचं सुनीतीला नवल वाटलं नव्हतं. १९९२ साली कॉपीविरुद्धचा कायदा आला आणि उत्तर प्रदेशातल्या कित्येक शाळांचं पितळ उघडं पडलं. तिला कोड्यात टाकलं होतं ते दुसऱ्याच आकड्याने. त्याच अठ्ठ्याहत्तरांतली बावन्न मुलं गणितात पास होती. इंग्रजीत आडवी, विज्ञानात आडवी, अगदी मातृभाषेतसुद्धा आडवी, आणि गणितात मात्र उभी. हे कसं काय?

सुनीती मूळची सांगलीची. शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट घेऊन नुकतीच विद्यापीठात लागली होती, बनारसला येऊन तिला आठ महिने झाले होते. गोदौलियापलीकडच्या या अनुदानित शाळेचं मूल्यमापन हे तिचं पहिलं स्वतंत्र काम. निकाल, हजेरी, वाचनालय, खेळ, मुलांचं एकंदर शाळेतलं जगणं, सगळं तपासून अहवाल द्यायचा होता. शाळेच्या प्रबंधकांनीच तो मागवला होता. त्यातही एक गोष्ट निकडीची होती. गणिताचे शिक्षक वेणीमाधव आठल्ये सहा वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर होते. त्यांना कायम करायचं की दिवाळीनंतर निरोप द्यायचा, हे शनिवारच्या समितीत अहवाल पाहून ठरणार होतं.

सुनीतीचा स्वभाव चौकस. कुणी पेन डाव्या खिशात का लावतो, यावरही ती विचार करत बसायची. तिने शाळेचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली तीन वर्षांपूर्वी हरवली होती आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मधल्या सुटीत मुलं भिंतीवरून उडी मारून चाट खायला जायची आणि भिंतीवरूनच परत यायची, हे परत येणं तिने कौतुकाने टिपून ठेवलं. सगळ्या विषयांचे तास ती मागच्या बाकावर बसून ऐकत गेली. राहिला फक्त गणिताचा. तो सकाळी पहिला असायचा, आणि विद्यापीठाजवळच्या लंक्यावरून तिची रिक्षा येईपर्यंत संपलेला असायचा.

मुलांकडून तिने निनावी चिठ्ठ्या लिहून घेतल्या. प्रत्येक विषयापुढे दोन प्रश्न: शिक्षक वर्गात काय करतात, तुम्ही काय करता. इतिहासाचे गुरुजी 'लिखवाते हैं', इंग्रजीचे 'अखबार पढ़ते हैं'. गणिताची चिठ्ठी उघडली आणि ती थबकली. 'गुरुजी बहुत चेष्टा करते हैं.' दुसरीतही तेच. सेहेचाळीस चिठ्ठ्यांपैकी एकतीसांत चेष्टा. एकीत तर, 'इतनी चेष्टा कोई नहीं करता.'

सुनीतीला राग आला. तिच्या शाळेतही असे एक मास्तर होते, तिच्या चुकलेल्या गणितावर सगळ्या वर्गाला हसवणारे. ते हसू तिला अजून आठवत होतं. हिंदी शब्द अडला की ती शब्दकोश उघडायची, पण हा शब्द तर घरचाच. त्याला कोश कशाला हवा?

तरी अन्याय नको म्हणून तिने आठल्यांना गाठलं. माणूस चाळिशीचा, कपाळाला गंध, हाताला खडू. त्यांचं घराणं बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यात पाच पिढ्या नांदलेलं, वडील संस्कृत पाठशाळेत शिकवायचे. मराठी बोलायला कुणी मिळालं म्हणून त्यांचा चेहरा खुलला.

"मुलं म्हणतात, तुम्ही वर्गात फार चेष्टा करता," सुनीती सरळच म्हणाली.

आठल्ये लाजले. "असं लिहिलं पोरांनी? करतो खरी. जितकी बनते तितकी."

"रोज?"

"रोजच करावी लागते. मागच्या बाकावरच्या लोकांसाठी जरा ज्यादाच."

"आणि मुली?"

"त्या बिचाऱ्या शरमतात. तर शाळा सुटल्यावर त्यांना अलग बसवून करतो."

सुनीतीने वही मिटली. "तुम्हाला काहीच वाटत नाही त्याचं?"

"वाटतं ना. संध्याकाळपर्यंत गळा बसतो. पण वडिलांनी पण जन्मभर हेच केलं. घरी बायको म्हणते, इतकी चेष्टा करून काय भेटलं तुम्हाला? मी म्हणतो, दुसरं काही येतच नाही मला."

एवढा निर्ढावलेला माणूस तिने पाहिला नव्हता. मराठीही किती मोडकी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. त्या रागाच्या भरात तिने अहवालाचं सातवं पान हिंदीत लिहिलं: 'गणित के शिक्षक छात्रों का उपहास करते हैं'; स्वतः ते मान्य करतात, सबब कायम नेमणूक देऊ नये. गुरुवारी दुपारी अहवाल प्राचार्यांच्या हाती दिला आणि घरी आली.

आणि घरी आल्यावर ते बावन्न पुन्हा डोक्यात घुसले. जो मुलांची रोज चेष्टा करतो, त्याच्याच विषयात ती पास कशी होतात? धाकाने? धाक तर विज्ञानाच्या मास्तरांचाही होता, छडीसकट. अहवाल दिला होता, काम संपलं होतं, तरी तिला चैन पडेना. शुक्रवारी ती सहालाच रिक्षात बसली.

पहिला तास सुरू होताना ती मागच्या बाकावर जाऊन बसली. आठल्ये आत आले. त्यांनी तिला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. खडू हातात न घेता ते टेबलापुढे उभे राहिले आणि त्यांनी मुलांना हात जोडले.

"मुझसे किसी का दिल दुखा हो तो क्षमा करना," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नसावा, कारण मुलांनी उघडलेल्या वह्या मिटल्या. "कल प्राचार्यजी ने बताया. तुम लोगों ने लिखा है कि मैं तुम्हारी हँसी उड़ाता हूँ. मुझे पता नहीं चला. कब उड़ाई, यह भी याद नहीं. पर तुमने लिखा है, तो सच होगा."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. दुसऱ्या बाकावरची सरोज उठली. नावाड्याची पोर, वर्गात सहसा तोंड न उघडणारी.

"गुरुजी, किसने लिखा? हमने तो लिखा था, आप चेष्टा करते हैं."

"मैंने भी वही लिखा," एक मुलगा म्हणाला. "आप ही तो कहते हैं, एक बार और चेष्टा करो. एक बार और कोशिश करो."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. साधा, सरळ प्रयत्न. बाजारात, रिक्षावाल्याकडे सगळे कोशिश म्हणत, म्हणून हा शब्द तिच्या कानावर कधी आलाच नव्हता. आठल्यांनी तो वडिलांकडून घेतला होता आणि मुलांनी आठल्यांकडून. मुली शरमतात म्हणून त्यांना वेगळं बसवून तो माणूस काय करत होता, हे तिला आता कळलं.

आठल्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. त्या वर्गात दोन्ही भाषा जाणणारे ते एकटेच. परवाचं ते बोलणं त्यांना शब्दन् शब्द आठवलं असावं, कारण ओठाच्या कोपऱ्यात हसू येऊन लगेच विरलं. मग त्यांनी खडू उचलला.

"काग़ज़ में कोई भूल हुई होगी," ते मुलांना म्हणाले. "चलो, वर्गमूल."

तास संपताच सुनीती प्राचार्यांकडे धावली. अहवाल सकाळीच प्रबंधकांच्या घरी गेला होता. घर मुन्शी घाटाच्या वर. ती पायऱ्या चढून धापा टाकत पोचली तेव्हा प्रबंधकांच्या मांडीवर तोच अहवाल उघडा होता.

तिने सगळं सांगितलं. म्हातारा खवट होता, पण त्याने ऐकून घेतलं.

"पेज सात ग़लत," तो म्हणाला. "तो बाकी अट्ठाईस पेज सही कैसे मानूँ?"

बाकीचं ठीक आहे, असं ती म्हणणारच होती. तेवढ्यात तिला बारावं पान आठवलं. दुसऱ्या प्रश्नाला नऊ मुलांनी उत्तर दिलं होतं, 'मैं भी चेष्टा करती हूँ', 'चेष्टा करता हूँ, फिर भी नहीं होता'. त्या नऊ जणांना तिने उद्धट मुलांच्या यादीत घातलं होतं. होत नाही, तरी करत राहतो, असं कुणी तरी तिला विश्वासाने लिहून दिलं होतं. तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

"मत मानिए," ती म्हणाली. "पूरा वापस लेती हूँ."

"कारण लिखना पड़ेगा. विश्वविद्यालय को भी नक़ल जाएगी."

तिने तिथेच बसून पत्र लिहिलं. कारण एका ओळीचं: परीक्षक का हिंदी ज्ञान अपर्याप्त. पहिलं स्वतंत्र काम, तीन महिन्यांची पायपीट, आणि विभागात चघळायला वर्षभर पुरेल असा विषय. तिने सही केली. पत्र उद्या मी वाचेन, असं प्रबंधक म्हणाले. त्यावर ती म्हणाली, मीच वाचते.

शनिवारी समितीत तिने ते वाचलं. कुणी हसलं, कुणी चष्मा पुसला. मग प्रबंधकांनी निकालाचा कागद पुढे ओढला, बावन्नवर बोट ठेवलं आणि आठल्यांची नेमणूक कायम झाली. मूल्यमापन दुसऱ्या कुणाकडून नव्याने करून घ्यायचं ठरलं.

बाहेर वऱ्हांड्यात आठल्ये थांबले होते.

"बाई, कागदात भूल झाली म्हणून सांगितलं असतं तर कुणाला कळलं नसतं," ते म्हणाले. "मी तर बोललो नसतो."

"ते कालच कळलं मला," सुनीती म्हणाली. "म्हणून तर सांगावं लागलं."